ओठ उचलून पाहा: लहान मुलांचे दात, घरची निगा आणि वेळेवरची तपासणी

तालुक्याच्या गावी दंतवैद्यक करताना जी लहान मुले माझ्यापुढे येतात, त्यांतली बरीचशी रात्रभर रडून, गाल हाताने धरून, सकाळच्या पहिल्या एसटीने आलेली असतात. आईवडिलांची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते, मूल थकून गेलेले असते आणि जो दात काही महिन्यांपूर्वी साध्या उपचाराने वाचला असता, त्याच्या मुळाशी पू झालेला असतो. दात एका रात्रीत किडत नाही. तो महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर किडत असतो, फक्त तोंड उघडून कोणी पाहिलेले नसते. ज्यांच्या घरी पहिलेच लेकरू आले आहे, किंवा नातवंड सांभाळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली आहे, त्यांना हे पाहणे जमावे, घरची निगा कशी घ्यायची हे कळावे आणि तपासणीसाठी केव्हा व कोठे जायचे याची माहिती असावी, यासाठी हा लेख लिहिला आहे.

पहिली पायरी: दुधाच्या दातांचा हिशोब समजून घ्या

दुधाचे दात एकूण 20 असतात. 10 वर आणि 10 खाली. साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे पुढचे दोन दात दिसू लागतात आणि मूल अडीच ते तीन वर्षांचे होईपर्यंत सगळे दात येऊन जातात. एखाद्या बाळाला चौथ्या महिन्यात दात येतो, तर एखाद्याला वर्ष उलटेपर्यंत येत नाही, आणि या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा नैसर्गिकच असतात. दीड वर्षाच्या मुलाला एकही दात आला नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. वरचे दात आधी आले की मामाला वाईट, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य नाही आणि त्यासाठी बाळाला किंवा त्याच्या आईला बोल लावू नये.

याच काळातली एक समजूत मात्र जिवावर बेतू शकते. दात येताना जुलाब आणि ताप येणारच, असे धरून चालणारी कितीतरी घरे मी पाहिली आहेत. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल चिडचिडे होते आणि हाती लागेल ती वस्तू तोंडात घालते. जुलाब लागतात ते या अस्वच्छ वस्तूंमुळे किंवा दुसऱ्या एखाद्या संसर्गामुळे. म्हणून जुलाब झाले की ओआरएस सुरू करावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि अंगावर ताप असेल तर ‘दात येत आहेत’ म्हणून घरी बसून न राहता आरोग्य केंद्र गाठावे.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांची एवढी काळजी कशाला, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या दाढेला भोक पडले, तर त्या दाढेकडून अजून सहा-आठ वर्षे भाकर चावून घ्यायची आहे. शिवाय प्रत्येक दुधाच्या दाताच्या खाली कायमचा दात तयार होत असतो आणि वरचा दात त्याच्यासाठी जागा राखून ठेवतो. दाढ वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत सरकतात आणि पुढे येणारा दात वाकडा येतो. मुळाशी पू साठून राहिला, तर खाली घडत असलेल्या कायमच्या दातावरही त्याचा परिणाम होऊ शकतो. दाढ दुखते म्हणून जे मूल जेवण टाळते, त्याचे वजन अंगणवाडीच्या काट्यावर वाढत नाही, ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

दुसरी पायरी: पहिला दात दिसला की ब्रश

दात येण्यापूर्वी दूध पाजून झाल्यावर स्वच्छ धुतलेल्या मऊ सुती कापडाचा तुकडा पाण्यात भिजवून, बोटाला गुंडाळून बाळाच्या हिरड्या हलक्या हाताने पुसाव्यात. त्यामुळे तोंडात कोणाचे तरी बोट जाणे ही गोष्ट बाळाच्या सवयीची होते आणि पुढचे काम सोपे जाते. पहिला दात दिसला की लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश आणावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत हिरव्या तुरीच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त (दाताचे आवरण बळकट करणारा क्षार घातलेली) पेस्ट पुरे होते. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर पेस्ट मुलांसाठी कधीच घेऊ नये. आपल्या देशात टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण 1000 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 1000 भागांपेक्षा) जास्त ठेवता येत नाही आणि ते वेष्टनावर छापलेले असते. विकत घेताना तो आकडा वाचून घ्यावा.

घासण्याच्या वेळा दोन: सकाळची आणि रात्री झोपण्यापूर्वीची. त्यांतली एकच शक्य असेल तर रात्रीची निवडावी. झोपेत लाळ कमी होते, आणि दिवसभर दात धुऊन काढण्याचे जे काम लाळ करत असते ते रात्री जवळजवळ थांबते. दातांवर चिकटून राहिलेल्या गोड अन्नापासून जंतू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल रात्रभर दाताचे वरचे कठीण आवरण विरघळवत राहते. रात्री घासल्यानंतर पाण्याखेरीज काही देऊ नये.

घासायचे कसे, ते एकदा नीट समजून घेतले की पुन्हा सांगावे लागत नाही. भिंतीला पाठ टेकून बसावे, मुलाचे डोके मांडीवर घ्यावे आणि त्याला आपल्याकडे पाहू द्यावे. एका हाताने ओठ बाजूला करावा आणि दुसऱ्या हाताने ब्रशचे केस दात आणि हिरडी जेथे भेटतात त्या रेषेवर टेकवून बारीक बारीक गोल फिरवावेत. बाहेरची बाजू, आतली बाजू आणि दाढांचा चावण्याचा पृष्ठभाग, एवढे क्रमाने केले की सुमारे दोन मिनिटे लागतात. शेवटी फेस थुंकायला लावावा; चुळा भरभरून भरायला लावू नये, कारण दाताला उपयोगी पडणारे फ्लोराइड त्यात धुऊन जाते. मुलाला दुरेघी वहीत सुवाच्य लिहिता येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंत, दात घासून देणे हे मोठ्या माणसाचे काम आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या हातात ब्रश देऊन ‘जा, दात घासून ये’ म्हटले की तो पुढचे चार दात घासून येतो, आणि कीड मागे लागते.

प्रत्येक मुलाचा ब्रश वेगळा असावा आणि केस वाकडे झाले की, किंवा तीन महिन्यांनी, तो बदलावा. राखुंडी, विटेचा भुगा, मीठ किंवा खरखरीत लाल दंतमंजन मुलांच्या दातांवर घासू नये. दुधाच्या दाताचे आवरण पातळ असते आणि ते अशा घासण्याने झिजते. कडुनिंबाच्या काडीवर आपल्या आबाजींचे दात टिकले असतील, पण ती काडी लहान मुलाच्या मागच्या दाढांपर्यंत पोहोचत नाही आणि हिरडीला टोचते. गुल किंवा गुडाखू यांत तंबाखू असते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 सालीच बंदी घातली आहे. घरातले मोठे माणूस गुल लावत असेल, तर तो डबा मुलाच्या हाती लागणार नाही एवढे तरी पाहावे.

मध्येच, विहिरीच्या आणि हातपंपाच्या पाण्याविषयी

यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळते, म्हणून विदर्भातल्या पालकांना ही गोष्ट माहीत असलीच पाहिजे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी मूल वयाच्या आठ वर्षांपर्यंत पीत राहिले, तर हिरडीच्या आत घडत असलेल्या कायमच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि पुढे तपकिरी डाग पडतात. सातव्या-आठव्या वर्षी नवे आलेले पुढचे दात दोन्ही बाजूंना सारखेच डागाळलेले दिसले आणि गावातल्या अनेक मुलांचे तसेच दिसले, तर ती अस्वच्छता नसून पाण्याचा दोष आहे, हे ओळखावे. हे डाग घासून जात नाहीत. ते जावेत म्हणून वाळूने किंवा राखेने दात घासणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना वर्गात ‘दात घासत नाहीस का’ असे विचारले जाते तेव्हा त्या तोंडावर हात ठेवून हसायला शिकतात. शिक्षकांनी तरी हा प्रश्न वर्गात विचारू नये.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासण्याचा संच असेल तर त्यावर, नाहीतर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत आपल्या हातपंपाचे पाणी तपासून घ्यावे आणि लहान मुलांना पिण्यासाठी व त्यांचा स्वयंपाक करण्यासाठी कमी फ्लोराइडच्या स्रोताचे पाणी वापरावे. अशा गावातही पेस्ट सोडण्याची घाई करू नये. पेस्ट अगदी थोडी घ्यावी, मूल ती गिळत नाही ना हे पाहावे आणि पाण्याच्या तपासणीचा आकडा दाखवून दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा.

तिसरी पायरी: महिन्यातून एकदा ओठ उचलून पाहणे

या लेखातली एकच गोष्ट करायची झाली, तर ही करावी. महिन्यातला एक दिवस ठरवून घ्यावा. आठवडी बाजाराचा पहिला दिवस असो की पहिला रविवार, लक्षात राहील असा असावा. सकाळी दात घासून झाल्यावर अंगणात, जेथे ऊन नीट पडते तेथे, दोघांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसावे. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसेल आणि मग मागे झुकून त्याचे डोके समोरच्या माणसाच्या मांडीवर येईल, असे त्याला निजवावे. त्याचे हात आईच्या हातात राहतात, त्याला आईचा चेहरा दिसत राहतो आणि समोरच्याला तोंडाच्या आतले सगळे स्पष्ट दिसते.

आता वरचा ओठ बोटाने हलकेच वर उचलावा आणि पुढचे चार दात कापडाने पुसून कोरडे करावेत, कारण ओल्या दातावर पहिली खूण दिसत नाही. निरोगी दुधाचा दात दुधासारखा पांढरा आणि चमकदार असतो. हिरडीच्या कडेला लागून एखादी निस्तेज, खडूच्या रेघेसारखी पांढरी पट्टी दिसली, तर तेथे कीड सुरू झाली आहे असे समजावे. या टप्प्यावर दाताला भोक पडलेले नसते, मुलाला काहीही दुखत नसते आणि नीट घासणे, फ्लोराइड व खाण्यातला बदल यांनी ही पट्टी जागच्या जागी थांबवता येते, कधी कधी भरूनही येते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले की ती पिवळी, मग तपकिरी होते, मग दाताचा टवका उडतो आणि एक दिवस फक्त काळे खुंट उरतात. खालचे पुढचे दात मात्र बहुधा शाबूत असतात, कारण दूध पिताना जीभ त्यांच्यावर येते आणि लाळेच्या ग्रंथीही तेथेच उघडतात. म्हणूनच नुसते ‘आ’ करायला लावून खालचे दात पाहणाऱ्याची फसगत होते; ओठ उचलल्याशिवाय ही कीड दिसत नाही.

त्यानंतर मूल ‘आ’ करेल तेव्हा दाढांच्या खाचा पाहाव्यात. काळा ठिपका, भोक, किंवा दोन दाढांच्या मध्ये आतून डोकावणारी काळसर छाया दिसली तर नोंद करावी. हिरडीवर दाताच्या मुळाजवळ पिकलेल्या फोडासारखी पुळी दिसली, तर मूल तक्रार करत नसले तरी मुळाशी पू आहे. पुळी फुटून वाट मिळाल्यामुळे दुखणे थांबलेले असते, आजार थांबलेला नसतो.

आपल्या भाषेतला ‘कीड’ हा शब्द येथे थोडा घात करतो. दात किडला म्हटले की आत किडा आहे असे वाटते, आणि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवणारे आजही बाजारात भेटतात. धुरीनंतर वाटीत जे दिसते ते बियांच्या आतले पांढरे अंकुर असतात. दातात असा किडा नसतो. असतात ते डोळ्यांना न दिसणारे जंतू, आणि ते बहुधा घरातल्याच मोठ्या माणसांच्या लाळेतून बाळाच्या तोंडात येतात. बाळाचा चमचा स्वतः चाखून त्याला भरवणे म्हणूनच टाळावे, आणि बाळाच्या आईने स्वतःच्या किडलेल्या दातांवर वेळेवर उपचार करून घ्यावेत.

चौथी पायरी: काय खातो, यापेक्षा किती वेळा खातो

गोड पदार्थ तोंडात गेला की पुढची सुमारे अर्धा तास दातावर आम्लाचा मारा चालू असतो. मग लाळ हळूहळू त्याची भरपाई करते. जेवणानंतर एकदाच खाल्लेल्या जिलेबीपेक्षा दिवसभर हातात धरून चघळलेला बिस्किटांचा पुडा म्हणून जास्त घातक ठरतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच वावरात जाते, लहानग्याला आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे ठेवते, आणि तो रडू नये म्हणून पाच-दहा रुपयांचे पुडे त्याच्याजवळ ठेवून जाते. या आईला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की पुड्यांऐवजी भाकरीचा तुकडा, उकडलेले अंडे, केळे, बोरांच्या दिवसांत बिया काढलेली बोरे, संत्र्याच्या दिवसांत बिया काढलेल्या फोडी ठेवता आल्या तर पाहावे. फुटाणे आणि शेंगदाणे दाताला चांगले असले तरी पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. पोंगे आणि कुरकुरीत तळलेले पदार्थ खारट असले तरी त्यांचे पीठ दाढांच्या खाचांत चिकटून बसते, तेव्हा त्यांना निर्धोक समजू नये. गुळाने दात किडत नाहीत, असेही कोणी सांगेल. दातावरचे जंतू गूळ आणि साखर यांत भेद करत नाहीत.

सकाळचा चहा आणि त्यात बुडवलेले बिस्कीट किंवा पोळी ही आपल्या घरांतली इतकी रुळलेली न्याहारी आहे की ती एकदम सुटणार नाही. ती एकदाच, बसून, एकाच वेळी संपवावी आणि त्यावर पाणी प्यायला लावावे. दुधाच्या बाटलीचे मात्र काहीच समर्थन नाही. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेल्या मुलाचे वरचे पुढचे दात दोन वर्षांच्या आत जाताना मी पाहिले आहेत. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा पेला वापरावा. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही देणे योग्यच आहे; दात आल्यावर मात्र मूल रात्रभर स्तन तोंडात धरून झोपणार नाही, एवढे पाहावे. खोकल्याचे गोड औषध पाजल्यावर पाणी पाजावे, ही बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

पाचवी पायरी: तपासणी

पहिली तपासणी पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास व्हावी, आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी. पांढऱ्या पट्ट्या दिसत असतील किंवा आधी कीड झालेली असेल, तर दर तीन महिन्यांनी दाखवावे. काही दुखत नसताना मुलाला दाखवायला आणणाऱ्या पालकांना शेजारी हसतात, पण अशा भेटीत मूल खुर्चीवर बसून येते, आरसा हातात घेऊन पाहते आणि पुढच्या वेळी घाबरत नाही.

गावातच मिळणारी पहिली संधी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक. 2013 साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येते, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत दातांची कीड आहे. पथक कोणत्या तारखेला येणार हे अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारून ठेवावे, शक्य असेल तर त्या दिवशी स्वतः हजर राहावे आणि ‘दाताला पांढरी पट्टी दिसते आहे’ हे आपणहून सांगावे, कारण एका दिवसात अनेक मुले आणि अनेक आजार पाहताना प्रत्येक ओठ उचलला जाईलच असे नाही. पुढील उपचाराची चिठ्ठी मिळाली तर ती जपून ठेवावी.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य नसतात. ते बहुधा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात भेटतात, आणि कधी ठराविक वारीच भेटतात. तेव्हा वार विचारूनच निघावे, म्हणजे एक दिवसाची मजुरी वाया जाणार नाही. जास्त उपचार लागणार असतील तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे), अमरावती आणि नागपूरजवळ हिंगणा रस्त्यावरही दंत महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. केसपेपर काढताना ‘बालदंत विभाग’ असे सांगावे.

जाताना मुलाची जन्मतारीख, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि आधीचे कागद सोबत घ्यावेत. मूल ताजेतवाने असेल अशी सकाळची वेळ निवडावी. मुलाच्या हृदयाला छिद्र असेल, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल किंवा रक्त लवकर थांबत नसेल, तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आधी सांगावे; विदर्भात सिकलसेलची मुले बरीच आहेत आणि दात काढण्यापूर्वी ही माहिती असणे फार महत्त्वाचे असते. ‘गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ हे वाक्य मात्र घरात कधीही उच्चारू नये. ते ऐकून आलेल्या मुलाचे तोंड उघडायला मला अर्धा तास लागतो.

तपासणीत दातांवर फ्लोराइडचा लेप लावतात. तो लावायला काही मिनिटे लागतात आणि अजिबात दुखत नाही. भोक पडलेल्या दाताची कीड थांबवण्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव औषध लावता येते. त्यात यंत्र किंवा सुई लागत नाही, मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधीच समजून घ्यावे. भोक लहान असेल तर सिमेंट भरतात. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली असेल तर दुधाच्या दाढेचीही नस साफ करून तिच्यावर स्टीलची टोपी बसवता येते. दाढ काढावीच लागली, तर ‘जागा राखणारी तार बसवावी लागेल का’ हा प्रश्न पालकांनी आवर्जून विचारावा.

सहा वर्षांची दाढ

जिल्हा परिषदेच्या एका शाळेत दुसरीतल्या एका मुलाची खालची शेवटची दाढ मी पाहिली. खाचेत पेन्सिलचे टोक जाईल एवढे काळे भोक होते. त्याच्या आईला बोलावले तेव्हा ती निंदण सोडून, पायांना चिखल तसाच घेऊन आली आणि म्हणाली, “दुधाचाच दात हाय न जी मॅडम, पडूनच जाईन.” मी म्हटले, “ताई, ही दाढ दुधाची नाही. ही त्याला म्हातारपणापर्यंत पुरायची आहे.” ती बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिली आणि मग विचारले, “पण हिच्या जाग्यावरचा दात तं पडलाच नाही?”

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि फसगत होते ती येथेच. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता, चारही कोपऱ्यांत एकेक कायमची दाढ येते. ती गुपचूप येते, दुधाच्या दाढांच्या रांगेत उभी राहते आणि घरातले तिला दुधाचीच समजतात. तिच्या खाचा खोल असतात, नव्या दाताचे आवरण पुरते पक्के झालेले नसते आणि मुलाचा ब्रश तेथपर्यंत पोहोचत नाही. म्हणून कायमच्या दातांत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त किडते ती बहुधा हीच. मूल पाच वर्षांचे झाले की दर महिन्याच्या पाहणीत मोजावे: एका बाजूला, मधल्या रेषेपासून मागे, पाचच दात असतील तर ते दुधाचे. सहावा दिसला की तो कायमचा. तो पूर्ण वर आला की लगेच दंतवैद्यांकडे जाऊन खाचा बंद करणारा सीलंट भरून घ्यावा. त्यासाठी दात कोरावा लागत नाही.

याच वयात खालचे नवे पुढचे दात दुधाच्या दातांच्या मागून येऊन दोन रांगा दिसतात, तेव्हा पालक घाबरतात. दुधाचा दात हलत असेल तर वाट पाहावी. काही आठवड्यांत तो पडतो. मुळीच हलत नसेल तर दाखवावे.

पानठेल्यापासून दूर

वडिलांसाठी पानठेल्यावरून खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आणायला धाडलेले मूल वाटेत पन्नी उघडून सुपारीचा एक तुकडा तोंडात टाकते, आणि सवय लागते ती तेथून. गोड सुपारीची पुडी तर मुलांसाठीच असल्यासारखी विकली जाते. सुपारीने तोंडातली त्वचा आतून कडक होत जाते, तिखट लागताच आग होते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. तंबाखू नसली तरीही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केला आहे. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणे हा 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. खर्रा आणायला मुलाला कधीही पाठवू नका, ही माझी प्रत्येक वडिलांना हात जोडून विनंती असते.

थांबायचे नाही अशा वेळा

दात दुखत असताना मुलाचा गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजला, डोळ्याखाली सूज चढली, ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर 108 ला फोन करावा. सुजेवर गरम शेक देऊ नये. दुखऱ्या दातात तंबाखू, कापूर किंवा गोळीचा चुरा दाबू नये. हिरडी भाजते आणि तपासणीही अवघड होते. वेदनेसाठी डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेले पॅरासिटामॉल द्यावे, ॲस्पिरिन मुलांना देऊ नये.

पडझडीत कायमचा पुढचा दात मुळासकट निघून पडला, तर तो शोधावा आणि मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. माती लागली असेल तर पाण्याने क्षणभर धुवावा, घासू नये. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात त्याच्याच जागी बसवून स्वच्छ कापड चावून धरायला सांगावे. ते जमत नसेल तर पेलाभर थंड दुधात दात ठेवून निघावे. अर्ध्या-एक तासाच्या आत दंतवैद्य गाठले, तर तो दात पुन्हा रुजण्याची आशा चांगली असते. दुधाचा दात असा पडला तर तो परत बसवू नये, कारण त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. मात्र हिरडीत तुकडा उरला आहे का हे पाहण्यासाठी मुलाला दाखवून आणावे, आणि तो दात घरातल्या रीतीप्रमाणे कौलांवर टाकायला हरकत नाही.